आइसलँडची पंगत आणि अडलेले उष्टावण

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने माझ्या लेकीला फसवले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आइसलँडचे डोंगर, बर्फ आणि मासे वाचताना मी तिथे नुसता फिरायला गेलो होतो असे कोणी समजू नये.

झाले ते असे. शुभांगी ही माझी एकुलती एक लेक. नागपुरात शिकली, पुढच्या शिक्षणाला आइसलँडला गेली, तिथेच एका मासळीच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली आणि तिथल्याच योन नावाच्या मुलाशी तिने लग्न केले. लग्नानंतर दोघे आपल्याकडे आले तेव्हा मी सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावी, तलावाच्या पाळीला लागून मांडव घातला आणि भाऊकीचे जेवण ठेवले. त्याआधी या मोठ्या भावाच्या, म्हणजे भाऊंच्या घरी जाऊन विचारले. भाऊ म्हणाले, "ठेव ना जेवण. साऱ्या भाऊकीले घेऊन मीच येतो. पहिल्या पंगतीले बसतो." आणि त्याच दिवशी, त्याच वेळेला त्यांनी आपल्या घरी पूजा ठेवली. भाऊकी तिकडे जेवली. इकडे पत्रावळी मांडलेल्या, पाण्याचे पेले भरलेले, आणि शुभांगी भाताची टोपली कमरेला लावून उभी. बसायला माझ्या मिलचे हमाल आणि एकटा जावई.

मी धानाचा व्यापारी आहे. सायकलला पोते बांधून गावोगाव धान विकत घेण्यापासून सुरुवात केली, आज माझी स्वतःची राइस मिल आहे. 'नाही' या शब्दाचा मला कधी राग येत नाही. 'नाही' म्हटले की माणूस दुसरे गिऱ्हाईक बघतो. 'हो' म्हणून गाडी दुसऱ्याच्या दारात रिकामी करणे, याला आमच्या धंद्यात फसवणूक म्हणतात.

शुभांगी त्या दिवशी रडली नाही. हमालांना आग्रह करकरून वाढले आणि हात धुताना मला म्हणाली, "बाबा, माह्या लेकराले मी या मांडवात आणणार नाही."

आता तिला मुलगा झाला. आपल्याकडे बाळाला पहिला भात मामा भरवतो, त्याला उष्टावण म्हणतात. शुभांगीला सख्खा भाऊ नाही, म्हणून मामा म्हणजे भाऊंचा मुलगा प्रशांत. दोघे एकाच अंगणात वाढलेले, एकाच ताटात भांडून जेवलेले. बाळंतपणाला माझी बायको जाऊन आली होती, आता पाळी माझी होती. मी एकच गोष्ट ठरवून निघालो. लेकीला राजी करायचे, नातवाला इकडे आणायचे आणि प्रशांतच्या हातून भात भरवायचा. असे अडलेले सौदे मी जन्मभर जुळवत आलो आहे.

डोंगराआडचे गाव

वरठी स्टेशनावर गाडीत बसलो तिथपासून विमाने बदलत उतरेपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. कंबर दुखली, एवढेच. सामानात चिन्नोर तांदूळ होता. त्याचा वास बॅगेबाहेर येत होता आणि विमानतळावरच्या बाईने तो हुंगून "छान" अशी मान हलवली.

शुभांगीचे गाव समुद्राच्या एका अरुंद फाट्यावर आहे. तिन्ही बाजूंना काळे डोंगर, त्यांवर बर्फ, आणि खाली रंगीत पत्र्यांची घरे. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या गावाएवढीही लोकसंख्या नसेल. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतो, पण डोंगराच्या वर येत नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड पडतो, आपल्याकडे दिवेलागणीला असतो तसा, आणि मग पुन्हा अंधार. मी पहिल्याच दिवशी विचारले, "इथले लोक करतात तरी काय या अंधारात?"

योन शुभांगीकडून मराठी शिकला आहे, म्हणजे आमची झाडीपट्टीची बोली शिकला आहे. तो म्हणाला, "बाबाजी, एकमेकांच्या घरी कॉफी पिऊन राहतात."

ते अगदी खरे निघाले. दाराला कुलूप नसते. माणूस येतो, बूट काढतो, सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसतो. बूट बाहेर काढण्याची पद्धत पाहून मला बरे वाटले. मात्र तिथे आडनाव नाही. पोराच्या नावापुढे बापाचे नाव लागते आणि संपले. योनची आई सिग्गा, म्हणजे माझी विहीण, मोठी बोलकी बाई आहे. मी तिला विचारले, "आडनावच नाही, तर भाऊकी कशी ओळखता?"

शुभांगीने भाषांतर करून सांगितले. सिग्गा हसून म्हणाली, "ओळखायची कशाला? सगळे नातेवाईकच आहेत. लग्न जुळवताना तेवढे बघावे लागते."

दुसऱ्या दिवशी व्याही गुन्नार मला गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेले. जमिनीतूनच गरम पाणी येते, ते उघड्यावरच्या हौदात सोडलेले असते, आणि वर बर्फ पडत असताना लोक गळ्यापर्यंत त्यात बसतात. आत शिरण्याआधी सर्वांदेखत, अंगावर एक धागा न ठेवता, साबणाने आंघोळ करावी लागते. मला हे कोणी सांगितले नव्हते. मी चड्डी घालून अंग ओले केले आणि निघालो, तर तिथल्या माणसाने मला परत पाठवले. मी त्याला हिंदीत चार शब्द सुनावले. तो शांतपणे भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवत राहिला. त्या चित्रात शरीराचे जे भाग धुवायचे ते लाल रंगवले होते. शेवटी धुतले. दुसरा मार्ग नव्हता.

हौदात मात्र गावाचा पार भरलेला होता. बँकेचा साहेब, शाळेच्या बाई, कोळी, ट्रकवाला, सगळे एका पाण्यात, आणि सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. साहेब नाही, जी नाही. हौदाच्या एका टोकाला गुन्नार बसले होते आणि समोरच्या टोकाला त्यांच्यासारख्याच नाकाचा एक म्हातारा होता. दोघे सगळ्यांशी बोलत होते, पण एकमेकांशी नाही.

"तो कोण?" मी घरी येऊन योनला विचारले.

"हेल्गी. माह्या बाबाचा भाऊ. आजोबाची बोट बाबानं विकली, तेव्हापासून बोलत नाहीत."

"आणि रोज एकाच पाण्यात बसतात?"

"पाणी तर गावाचं आहे ना, बाबाजी."

सूर्याची कॉफी

एक दिवस गावात सगळीकडे तव्यांचा वास सुटला. बऱ्याच दिवसांनी त्या दुपारी सूर्य डोंगराच्या खाचेतून दिसणार होता, आणि तो दिसला की घरोघरी पातळ, लुसलुशीत धिरडी करून कॉफी प्यायची अशी तिथली रीत. धिरड्यात साखर पेरतात नाहीतर जॅम आणि घट्ट साय भरून गुंडाळतात. ऊन आले. समोरच्या तीन घरांच्या छतांवर थोडा वेळ पिवळी पट्टी पडली आणि गेली. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. विदर्भातल्या माणसाला उन्हासाठी कोणी मिठी मारते हे समजायला वेळ लागतो.

आम्ही सिग्गाच्या घरी जमलो. घर माणसांनी भरलेले. टेबलावर धिरड्यांची चळत, केक, धुरावलेले मटण, पाव. सिग्गाने एकदा काहीतरी म्हटले आणि सगळे उठून आपापल्या ताटात घेऊ लागले. मी बसून राहिलो. पाहुणा स्वतः उठून घेतो का कुठे? कोणीतरी येईल, "घ्या जी" म्हणेल, मी "नको नको" म्हणेन, मग ते दोन वाढतील. कोणी आले नाही. सिग्गाने एकदा दुरून हाताने टेबल दाखवले, तेव्हा मी रीतीप्रमाणे "नको" म्हणालो. तिने मान हलवली आणि बशा उचलायला लागली.

मी उपाशी घरी आलो. वाटेत शुभांगीला म्हणालो, "तुह्या सासूनं मले एकदाही विचारलं नाही."

"विचारलं ना. तुम्ही नको म्हटलं."

"पहिल्यांदा नकोच म्हणतात."

"इथं नको म्हणजे नको असते, बाबा. अन् येतो म्हणजे येतो असते."

दुसरे वाक्य मला उद्देशून नव्हते, हे मला कळले. घरी जाऊन मी काल उरलेला भात खाल्ला.

माझी नक्कल

थंडीच्या मध्यावर तिथे गावाची एक मोठी मेजवानी असते. समाजमंदिरात लांब टेबले लागतात. त्यात पूर्वजांच्या काळातले खाणे असते: मेंढीचे भाजलेले डोके, आंबवलेले मांस, आणि महिनोन्महिने कुजवलेला शार्क. शार्कचा छोटा तुकडा मी खाल्ला. गोठ्यातला वास जिभेवर बसावा तसे झाले. आपल्या लाखोळीच्या डाळीच्या वड्याला नावे ठेवणाऱ्या शहरवाल्यांना हा एक तुकडा द्यावा.

जेवणानंतर गावकरीच नाटुकली करतात आणि वर्षभरात गावात कोणी काय मूर्खपणा केला त्याच्या नकला होतात. आपल्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्री दंडारीचा खेळ होतो तशीच गंमत, फक्त इथे पात्रे समोरच बसलेली असतात. बँकेच्या साहेबाची झाली, पाद्रीणबाईंची झाली. मग हेल्गी म्हातारा मफलर फेट्यासारखा गुंडाळून, मिशी लावून स्टेजवर आला. एका बाईकडून त्याने लोकरी स्वेटर हातात घेतला, किंमत ऐकून छाती पिटली, दाराकडे चालत गेला आणि दारात थांबून तिरप्या डोळ्याने मागे बघू लागला. बाई विणत राहिली. तो बाहेर गेला, थंडीने कुडकुडला, पुन्हा आत आला.

मीच होतो तो. आदल्या आठवड्यात मी बायकोसाठी स्वेटर घ्यायला गेलो होतो, भाव केला आणि उठून दाराशी गेलो. आपल्याकडे दुकानदार हाक मारतोच. त्या बाईने मारली नाही. बाहेर असा वारा की डोळ्यांतून पाणी. परत गेलो, तिने सांगितलेल्याच भावाने घेतला, आणि तिने मला कॉफी पाजली.

सभागृह हसून लोळत होते. माझे डोके तापले. मी उठणार तेवढ्यात शुभांगीने हात धरला. "बसा जी बाबा. परक्याची नक्कल नाही करत हे लोक. मी इथं आल्यावर पहिल्यांदा माही नक्कल झाली, तवा मले वाटलं की आता आपण इथले झालो."

मी बसलो. हेल्गीने खाली उतरून माझ्याशी हात मिळवला. गुन्नार शेजारीच बसले होते, त्यांच्याकडे त्याने पाहिले नाही.

नाव आणि भात

तिथे बाळाचे नाव, ते ठेवण्याच्या दिवसापर्यंत, कोणालाही सांगत नाहीत, आजीलाही नाही. माझा व्हिसा यायला उशीर झाला म्हणून पोरांनी नाव ठेवणे माझ्यासाठी थांबवले होते. तोवर सगळे बाळाला 'छोटा' अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारत. मी योनला बरेच आडवळणाने विचारले. आपल्याकडे नाव आत्या ठेवते आणि महिनाभर आधीपासून दहा जणांचे दहा सल्ले चालतात, तेही सांगून पाहिले. तो नुसता म्हणे, "बाबाजी, सांगता येत नाही."

नाव ठेवण्याच्या दिवशी जेवण वाढायचे काम मी मागून घेतले. प्रत्येक घरून काही ना काही येणारच होते. तिथे तसे सगळे मिळून जेवण जमवतात. पण भात माझा. शुभांगीच्या घरात टेबले एकाला एक लावून दोन रांगा केल्या आणि सगळ्यांना सांगितले, कोणी उठायचे नाही, मी वाढीन. चिन्नोर भात, वरण, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे. वाढणाऱ्याला थांबवायला ताटावर हात आडवा धरायचा असतो, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. आणि ताटात पडलेले संपवायचे, हा त्यांचा नेम. मी वाढत गेलो, ते खात गेले. सिग्गाचा चेहरा लाल झाला. शेवटी ती काकुळतीला येऊन म्हणाली, "शुभांगी, हे कधी थांबतात?"

या पंगतीत हेल्गीही होता. पावाच्या थरांमध्ये झिंगे आणि अंडी भरलेला मोठा केक घेऊन सर्वांच्या आधी आला, गुन्नारच्या समोरच्या रांगेत बसला आणि दोनदा भात घेतला. मला राहवले नाही. योनला मध्ये घेऊन विचारले, "भावाशी बोलत नाही, मग त्याच्या नातवाच्या जेवणाला कसे आलात?"

हेल्गीने नीट विचार केला. "भांडण माझे त्याच्याशी आहे. लेकराने बोट विकली नाही." मग म्हणाला, "आणि आलो नसतो तर तो मला विचारायला आला असता, का नाही आलास म्हणून. मग बोलावे लागले असते."

जेवण झाल्यावर योन बाळाला घेऊन उभा राहिला. त्याने शुभांगीकडे पाहिले आणि शुभांगीने नाव सांगितले: एईनार मोतीराम.

एईनार म्हणजे गुन्नार आणि हेल्गीचा बाप, ज्याची ती बोट होती. मोतीराम म्हणजे माझा बाप. भाऊंचाही. गुन्नार आणि हेल्गी, दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच माना खाली घातल्या. मी वाढायचा डाव हातात धरून तसाच उभा होतो. पलीकडच्या रांगेतल्या एका आजीबाई 'मोतीराम' म्हणून पाहत होत्या, त्यांचा 'र' फार लांबत होता.

मग बाळाने भाताच्या ताटाकडे हात केला. कोणीतरी विचारले, याला का देत नाही? योनने उष्टावण समजावून सांगितले, मामा म्हणजे कोण तेही सांगितले. हेल्गी उठलाच. म्हणाला, "मामा दूर असेल तर मी भरवतो."

शुभांगी माझ्याकडे बघू लागली. ती 'हो' म्हणायला तयार होती, हे मला दिसत होते.

"नाही," मी म्हणालो. आवाज मोठा झाला. "याचा मामा जिवंत आहे."

शुभांगी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"कोन्ता मामा, बाबा? लग्नाच्या पंगतीत भात घेऊन मी उभी होती. मामा तवा कुठं होता?"

"प्रशांतचा काय दोष? बापानं नेला, गेला."

"मग बापानं काहून नेला ते सांगा. लग्न त्याईले पसंत नव्हतं, का योन पसंत नव्हता, का तुमचंच काही होतं? तुम्ही कधी विचारलं?"

मी विचारले नव्हते. भांडलो होतो, बोलणे टाकले होते, त्यांच्या दारावरून जाताना मान वळवली होती. विचारले मात्र नव्हते.

"चल, सौदा कर माह्याशी," मी म्हणालो. "काय पाहिजे सांग."

"सौदा नाही, बाबा. मी रुसून नाही बसली. मोठ्या बाबानं एवढं सांगावं की त्या दिवशी येतो म्हणून काहून नाही आले. चारचौघांत सांगावं. कारण कसंही असू द्या. मग दुसऱ्या दिवशी तिकीट काढते. अन् नाही सांगितलं, तर हेल्गीच्या हातून भात खाईल माहं पोरगं, अन् तुम्ही मधात पडायचं नाही."

"तोवर?"

"तोवर आलू खाईल. पोट काही भाऊकीची वाट पाहत नाही."

आम्ही बाहेर आलो. सिग्गाने बटाटा कुस्करून, लोणी घालून दिला आणि नातवाने तो मिटक्या मारत खाल्ला. हेल्गीला योनने समजावले. तो म्हणाला, "मी कुठे जातो? इथेच आहे."

परत आल्यावर

परत आल्यावर मी पहिल्यांदा भाऊंकडे गेलो. बऱ्याच काळाने त्या घराची पायरी चढलो. भाऊ ओसरीत होते. मी पोराचा फोटो दाखवला, नाव सांगितले. भाऊंनी फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिला. मोतीराम ऐकून त्यांच्या ओठांची हालचाल झाली. मग मी विचारले, "भाऊ, त्या दिवशी काहून नाही आले?"

भाऊंनी आत हाक मारली, "चहा ठेवा जी." मग मला म्हणाले, "यंदा धानाले भाव कसा राहील?"

प्रशांत दाराच्या चौकटीत उभा होता. त्याला सगळे ऐकू गेले. तो मला वाटेपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "काका, मी भरवतो ना भात. पण बाबा बोलल्याशिवाय मले येता येत नाही." त्याचेही खोटे नाही.

म्हणून हे लिहिले. आपल्या तालुक्याचा हा अंक भाऊंच्या घरीही जातो, आणि भाऊकीतल्या बाकीच्या घरीही, जी त्या दिवशी पूजेला जेवली. नातू आता बटाटा खातो, मासा खातो, ओटची लापशी खातो. धानाच्या मुलखातल्या मोतीरामाच्या पणतवाने अजून भाताचा दाणा चाखलेला नाही.

भाऊ, बोट विकणाऱ्या भावाच्या नातवाच्या पंगतीला जाणारा म्हातारा मी तिकडे पाहून आलो. तुमचे मी काय विकले होते? माझ्या लेकीने काय विकले होते? येतो म्हणालात, मग का आला नाहीत? चहावर टाळू नका. हा अंक निघाल्यानंतरच्या रविवारी भाऊकीची बैठक बसेल तेव्हा मी येतो. सगळ्यांसमोर, त्याच पाळीवर, मला उत्तर द्या.